सेव्ह दाबण्याआधीचं गाणं

मित्रांनो, बाभुळगावच्या बसस्टँडसमोर, आलूबोंड्याच्या गाड्याला लागून एक टायपिंगचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर जो पिवळा पडलेला, एका कोपऱ्याखाली पुठ्ठा घातलेला जुना कीबोर्ड दिसतो, तो मी. मूळचा मी पांढरा होतो. यावर आता कुणाचा विश्वास बसत नाही आणि मीही आग्रह धरत नाही.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटाखाली छापलेलं होतं. ते केव्हाच पुसलं. आठवतं ते एवढंच, की एका फार मोठ्या कारखान्यात माझे हजारो भाऊ माझ्याबरोबर जन्मले आणि बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाची प्रत्येक कळ एका लोखंडी बोटाने दाबून पाहण्यात आली. दाबल्यावर उमटतं की नाही, एवढीच परीक्षा. ती पास झाल्याशिवाय खोक्यात जागा नव्हती. माझा भाबडा समज असा झाला, की संगणकाच्या दुनियेत प्रत्येक वस्तू अशी तपासूनच लोकांच्या हाती देतात. खोकं उघडल्यावर हा समज फार दिवस टिकला नाही.

मला यवतमाळच्या बाजारातून विकत घेतलं धम्मरत्नने. तो मराठीत एम. ए. झालेला होता. मास्तरकीची वाट पाहता पाहता त्याने हे दुकान टाकलं आणि वाट पाहणं तिथेच बसून चालू ठेवलं. एस.टी.त त्याने मला मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "बाजा हाय का हा, भाऊ?" धम्मरत्न म्हणाला, "हाव, वाजवणं शिकून राह्यलो." माझा हा पहिला प्रवास. त्या मांडीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

दुकानात माझं आयुष्य सन्मानाने गेलं. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, शाळांचे पेपर, तहसीलला द्यायचे अर्ज, सगळं माझ्याच अंगावरून गेलं. धम्मरत्नची बोटं हलकी. तो टायपायचा तेव्हा सोयाबीनच्या शेंगा उन्हात तडकतात तसा बारीक आवाज व्हायचा. हळूहळू माझ्या कळांवरची अक्षरं झिजून दिसेनाशी झाली. एक कळ मात्र कोरी करकरीत राहिली, ती म्हणजे कंट्रोलची. जगातल्या सगळ्या कीबोर्डांची ही कळ सेव्ह करून करून झिजते. आमच्या दुकानात तिला हात लावायला माणसं घाबरायची.

ती काहून घाबरायची, ते आता सांगतो.

आमच्या संगणकात मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर होतं. नाव 'लेखणीराज'. त्यात पाचपन्नास तऱ्हेची सुंदर अक्षरं होती, पण एक खोड होती. सेव्ह दाबलं, की कधी कधी सगळा मजकूर नाहीसा व्हायचा; फाइल मोठी असली तर जास्तच. स्क्रीनवर दिसत राहायचा, म्हणून कुणाला पत्ता लागायचा नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडली की कोरी पानं. पानांचे क्रमांक मात्र अगदी बरोबर. त्यात कधीच चूक झाली नाही, हे कंपनीच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

धम्मरत्न कंपनीला फोन करायचा. तिकडून एक ताई फार गोड आवाजात विचारायची, "सर, मजकूर जातो तेव्हा तुम्ही नेमकं काय करता?"

"सेव्ह करतो, ताई."

"मग सर, सध्या ते टाळा."

दरवर्षी नवी आवृत्ती यायची. एका वर्षी लग्नपत्रिकांसाठी मोराच्या किनारी आल्या. पुढच्या वर्षी सुरू होताना सनई वाजायला लागली. खोड होती तशीच होती. धम्मरत्न चिडायचा, पत्रं लिहायचा, आणि ती पत्रं लेखणीराजमध्येच टाइप केलेली असल्यामुळे त्यातली काही पाठवण्याआधीच कोरी व्हायची. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं म्हटलं तर यवतमाळचा छापखाना लेखणीराजच्याच फायली घ्यायचा. त्यामुळे दुकानाने आपली एक रीत पाडली. फाइल लहान ठेवायची, आणि दर वेळी नव्या नावाने ठेवायची. 'अर्ज', मग 'अर्ज नवा', मग 'अर्ज नवा खरा', मग 'अर्ज नवा खरा शेवटचा'. त्याच्यापुढेही नावं असायची, पण त्यात धम्मरत्नचा राग दिसायचा, म्हणून सांगत नाही.

अशात एके दिवशी नागोराव दुकानात आले.

नागोराव हे आमच्या भागातले जुने गायक. जयंती असो, विहाराचा कार्यक्रम असो, लग्न असो, त्यांची गायन पार्टी असायची. हातात खंजिरी, मागे कोरसला बायको सत्यशीलाबाई. गाणी त्यांची स्वतःची, आणि सगळी डोक्यात. वाचायचे ते, पण सावकाश. लिहिणं सहीपुरतंच.

ते खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "जय भीम, धम्मरत्ना. घशात गाठ निघाली माह्या. नागपूरले कापतो म्हणते डाक्टर. आवाज राह्यते का जाते, त्यालेही मालूम नाही. त्याच्या आंधी पुस्तक करून दे मले."

धम्मरत्नची बोटं माझ्यावर होती. ती गार पडली, हे मला सगळ्यांत आधी कळलं.

"तुमी म्हणत जा, काकाजी," तो म्हणाला. "मी टायपत जातो."

तेव्हापासून नागोराव रोज येऊ लागले. ते ओळ गाऊन सांगायचे, धम्मरत्न टाइप करायचा, मग मोठ्याने वाचून दाखवायचा. शब्द चुकला की नागोराव खंजिरी थांबवायचे. हेच आमचं प्रूफ तपासणं. पहिलंच गाणं पुरं झालं, धम्मरत्नने सेव्ह दाबलं आणि गाणं गेलं. दुसऱ्या खेपेलाही गेलं. तिसऱ्या खेपेला नागोरावांनी त्याचा हात धरला.

"थांब. कोन्या गोष्टीची घाई हाय तुले? दाबायच्या आंधी एकडाव पुरं म्हणून घेऊ. जाईन तं जाईन, म्हटल्याचं समाधान तं राहीन."

त्यांनी पूर्ण गाणं म्हटलं. सत्यशीलाबाईंनी साथ दिली. मग कळ दाबली, फाइल उघडली, तर गाणं जागच्या जागी.

झालं! एम. ए. झालेल्या धम्मरत्नसकट सगळ्या दुकानाची खात्री पटली, की आधी गाऊन घेतलं तर सेव्ह होतं. वैज्ञानिक दृष्टिकोनावर याच नागोरावांची दोन गाणी होती, पण लेखणीराजपुढे विज्ञानाचं काही चालत नव्हतं. दर वेळी सेव्ह दाबण्याआधी पुरं गाणं. तरीही जायचंच कधी कधी. मग पहिल्यापासून पुन्हा टाइप, पुन्हा वाचन, पुन्हा गाणं. एकेक गाणं दहा दहा वेळा व्हायचं. लग्नपत्रिकेला आलेली माणसं बाकावर बसून टाळ्या धरायची. एका वरबापाने तर पत्रिकेचा मजकूर विसरून पूर्ण संध्याकाळ कोरस केला.

शेजारी बाबुलालचा आलूबोंड्याचा गाडा. पहिले काही दिवस तो कुरकुरला. "ओ नागोराव भाऊ, वही गाना कितनी बार? कढईलेबी पाठ झालं आता!"

"कढईले झालं, तुले झालं का?" नागोराव आतून विचारायचे.

धम्मरत्नची मुलगी मैत्रेयी पुसदला संगणकाचं शिकत होती. ती सुट्टीत घरी आली, दाराशी उभी राहिली, आणि बापाला खंजिरीच्या तालावर सेव्ह करताना तिने पाहिलं.

"बाबा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"सेव्ह."

"अहो, कॉपी ठेवायची असते. वेगवेगळ्या तीन जागी."

पोरीचं काहीही चुकलं नव्हतं. तिने मोबाईलवर गाणी रेकॉर्डही केली. मोबाईल मात्र सत्यशीलाबाईंचा होता. त्यात सकाळच्या शुभेच्छांची चित्रं इतकी साठली, की जागा संपल्यावर फोनने स्वतःच विचारलं, जुनं काढून टाकू का? सत्यशीलाबाई म्हणजे सभ्य बाई. एवढ्या नम्रपणे विचारल्यावर त्यांनी 'हो' दाबलं.

शेवटचं गाणं आलं तोवर नागोरावांचा आवाज पार बसला होता. त्यांच्या आईवरचं गाणं होतं ते, आजवर कुणापुढेच न म्हटलेलं. गावच्या शाळेत झाडू मारणारी ती बाई, झाडता झाडता अक्षर शिकलेली.

*झाडता झाडता शाळा, शिकली माही माय,*
*फळ्यावरचं अक्षर मी पुसू कशी काय!*

सुरुवात सगळ्यांना ऐकू गेली. शेवटचं कडवं त्यांनी खुर्चीतून पुढे वाकून, जवळजवळ धम्मरत्नच्या कानातच सांगितलं. तो रडत रडत टाइप करत होता. माझ्या दोन कळांच्या मधे पाणी गेलं ते त्याच दिवशी. त्या दिवशी सेव्ह दाबण्याआधी गाणं झालं नाही. कुणाची हिंमत नव्हती त्यांना 'म्हणा' म्हणायची.

दुसऱ्या दिवशी नागोराव आणि सत्यशीलाबाई नागपूरला गेले. छापखान्याला सगळं पुस्तक एकाच फायलीत हवं होतं. बापलेकीने मिळून सगळी गाणी एकाखाली एक लावली. धम्मरत्नने सेव्ह केलं. मैत्रेयीने तीन जागी कॉपी ठेवली. मग छापखानेवाल्याने फोनवर सांगितलं, की त्या शंभर नावांच्या फायली काढून टाका, उगाच घोळ होतो. दोघांनी त्या काढून टाकल्या. दुकान कसं स्वच्छ वाटलं.

नागोराव परत आले तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि आवाज नव्हता. पुढेही येणार नव्हता. पुस्तकाचं काम कुठवर आलं ते पाहायला ते खंजिरी घेऊन दुकानात आले आणि आपल्या खुर्चीत बसले. नेमका तेव्हाच छापखान्याचा फोन आला.

"साहेब, पुस्तकाची पानं कोरी आहेत. डिझाइन आहे का तसं?"

धम्मरत्नने फाइल उघडली. कोरी. मैत्रेयीने पेन ड्राइव्ह लावला. कोरी. मेलमधली उघडली. तीही कोरी. एकच कोरेपण तिन्ही ठिकाणी अगदी जसंच्या तसं जपलेलं होतं. क्रमांक बरोबर होते.

धम्मरत्नने कंपनीला फोन लावला. गोड आवाज म्हणाला, "हो सर, ही अडचण आमच्या माहितीत आहे."

"कधीपासून, ताई?"

"सुरुवातीपासून, सर."

त्याने फोन ठेवला आणि दोन्ही हात माझ्यावर टेकवून खाली मान घातली. मैत्रेयी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नागोरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांना काय झालं ते समजलं. कोऱ्या पानाला वाचायला वेळ लागत नाही. त्यांनी तोंड उघडलं, आणि बंद केलं. मित्रांनो, माझ्या अंगावरून किती शोकसंदेश गेले असतील, पण इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत बाहेरून बाबुलालचा आवाज आला. त्याला आत काय घडलं याचा पत्ता नव्हता. तो कढईत घाणा सोडत होता आणि आपल्या बेसूर गळ्याने नागोरावांचं पहिलं गाणं म्हणत होता. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. एकही शब्द न गाळता.

धम्मरत्न दाराशी धावला. "बाबुलाल! हे पुरं येते तुले?"

"येते म्हणजे? चार कडवे झाले की बोंडा निकालनेका. एक लाइन सुटली तं कच्चा राह्यते ना, भाऊ! मी तं गाण्यावरच तयतो आता."

"दुसरं कोनतं येते?"

"भजे का वेगळं है. मिरचीचं वेगळं. सब येते. काहून, काय झालं?"

खंजिरी वाजली. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. नागोराव हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

मग जे सुरू झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. बाबुलाल गाड्यावरून ओळ टाकायचा, सत्यशीलाबाई ती सुरात उचलायच्या, बाकावरची माणसं कोरसची जागा भरायची, धम्मरत्न टाइप करायचा. शब्द चुकला की खंजिरी थांबायची. मग वाद. "अव काकू, 'वाट' नाही, 'पायवाट' होतं तिथं." "नाही ना बाप्पा, घरच्या बाईले शिकवतं का?" खंजिरी पुन्हा वाजेपर्यंत शब्द बदलत राहायचे. मैत्रेयीने या खेपेला एक नवी शिस्त घातली. प्रत्येक पान टाइप होताच छापून काढायचं आणि सत्यशीलाबाईंच्या पिशवीत टाकायचं.

लेखणीराजने ती गाणी पुन्हा पुन्हा पुसली नसती, तर ती एकदाच टाइप झाली असती, एकदाच म्हटली गेली असती आणि बाभुळगावात कुणालाच पाठ नसती. या एका गोष्टीसाठी मी त्या कंपनीचा मनापासून आभारी आहे. तिने हे जाणूनबुजून केलं नाही, एवढंच.

शेवटी आईचं गाणं आलं आणि सगळे अडकले. शेवटचं कडवं कुणालाच येत नव्हतं. ते दुकानाबाहेर गेलंच नव्हतं. धम्मरत्नने डोळे मिटून बोटं माझ्यावर ठेवली, पण बोटांनाही आठवेना. ते माझ्यातूनच गेलं होतं. पण कीबोर्डचं असं आहे, की त्याच्यातून सगळं जातं आणि त्याच्यात काही राहत नाही.

नागोराव उठले. त्यांनी धम्मरत्नला खुणेने बाजूला केलं आणि माझ्यासमोर बसले. एवढ्या दिवसांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कळांवर एकही अक्षर शिल्लक नव्हतं.

"थांबा आजोबा," मैत्रेयी म्हणाली. "काकू, ती दवाखान्याची चिकटपट्टी आहे का पिशवीत?"

गळ्याच्या पट्टीसाठी आणलेली ती पांढरी चिकटपट्टी होती. मैत्रेयीने तिचे लहान लहान तुकडे कापले, माझ्या प्रत्येक कळीवर लावले आणि पेनाने अक्षरं लिहिली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासाठी कुणी एवढं केलं. मी पुन्हा वाचता येण्यासारखा झालो.

नागोराव एका बोटाने टाइप करू लागले. ते बोट खंजिरीवर मुरलेलं. त्याला हलकं दाबणं माहीतच नव्हतं. अक्षर शोधायचं, आणि सापडलं की थाप. मागे सत्यशीलाबाई उमटेल तसं वाचत होत्या. कढईखालचा गॅस बंद करून बाबुलालही दारात आला होता.

*पुसलं मी बाई, पुसलं, फळ्यावर आता नाय,*
*डोयामंदी घेऊन त्याले घरी आली माय.*

शेवटच्या 'माय'मधल्या 'म'वर त्यांनी एवढ्या जोराने थाप दिली, की टेबलावरचा चहा सांडला. थोडा मलाही मिळाला.

पान छापून पिशवीत गेलं. धम्मरत्नचं बोट कंट्रोलकडे वळलं तसा नागोरावांनी हात वर केला. रीत म्हणजे रीत. त्यांनी खंजिरी उचलली आणि त्यांच्या वतीने सगळ्या दुकानाने ते गाणं पुरं म्हटलं. बसस्टँडवरची बस सुटायची थांबली होती की तिला उशीरच होता, ते सांगता येत नाही. मग कंट्रोल धम्मरत्नने धरलं आणि दुसरी कळ नागोरावांनी दाबली.

मैत्रेयीने फाइल बंद करून उघडली.

पानं कोरी होती. क्रमांक बरोबर होते.

मग सत्यशीलाबाईंनी पिशवीवर हात ठेवला आणि त्या फसकन हसल्या. मग सगळेच. नागोरावांचे खांदे तर थांबेनात.

"चलो, फिरसे," बाबुलाल म्हणाला. "माहं तेल अजून गरमच हाय."

पुस्तक पिशवीतल्या कागदांवरून निघालं. यवतमाळच्या छापखान्याने ते कागद समोर ठेवून पुन्हा सगळं जुळवलं. काही पानांवर तेलाचे डाग होते, ते छापले नाहीत, याचं बाबुलालला थोडं वाईट वाटलं. विहारात पुस्तकाचा कार्यक्रम झाला. गाणी नागोरावांची होती आणि म्हणायला सगळा बसस्टँड होता. एक प्रत माझ्या शेजारी ठेवलेली असते. पहिल्या पानावर आभार आहेत. त्यात माझंही नाव आहे, 'जुना कीबोर्ड' असं.

आता टेबलावर नवा कीबोर्ड आला आहे. मी कडेला असतो. मैत्रेयी गेली तेव्हा बापाला बजावून गेली, "याला फेकायचं नाही." चिकटपट्टीचे तुकडे अजून माझ्या अंगावर आहेत. नागोराव कधी कधी येतात, मला पुढे ओढतात आणि काही सांगायचं असेल ते एका बोटाने सांगतात. परवा त्यांनी बाबुलालला लिहून दाखवलं, 'बोंडा कच्चा होता. दुसरं कडवं खाल्लं तू.'

मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. तुम्हाला जे जपायचं असेल ते जपून ठेवा, मैत्रेयी सांगते तसं तीन जागी ठेवा, आणि ठेवल्यावर एकदा उघडून पाहा. मात्र ठेवण्याआधी ते कुणाला तरी म्हणून दाखवा. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी अशी सॉफ्टवेअरं बनवायला लागला, तर मोराच्या किनारीआधी ती सेव्हची खोड दुरुस्त करा. फार वर्षं झाली. लोक गोड आवाजाला कंटाळले आहेत.

आणि माझी 'म'ची कळ त्या थापेपासून थोडी खाली दबून राहिली आहे. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं, तर ती तेवढी दुरुस्त करू नका.